अर्डिथनं पाटाचं दार लावलं

आमच्या दरीत पाण्यावरून लोकांनी एकमेकांची नाकं फोडली आहेत, कुंपणं कापली आहेत, सख्ख्या भावाच्या मयताला जायचं टाळलं आहे. त्यात नवल काही नाही. कॅस्केड डोंगराच्या या उगवतीच्या अंगाला पाऊस फारसा फिरकत नाही. शिखरांवरचा बर्फ वितळतो तेवढ्यावरच सगळ्यांचं भागतं. पण स्वतःचं पाणी स्वतःच्या हातानं सोडून दिलं म्हणून साऱ्या दरीनं जिच्याकडे पाठ फिरवली, अशी बाई एकच. अर्डिथ स्कोगलंड. आणि तिला त्याचं फार वाईट वाटलं असेल असं कुणी समजू नये. पाठ फिरवलेल्या माणसाच्या पाठीलाही ती 'गुड मॉर्निंग' म्हणायची, तेही जरा मोठ्यानंच.

बाई उंच, हाडापेरानं मोठी, चालताना खांदा पुढे काढून चालणारी. जन्मभर तिनं दोन कामं केली: शाळेची बस चालवली आणि टिमथी गवत पिकवलं. आमचं टिमथी जपानच्या घोड्यांना लागतं, त्याची पहिली कापणी जहाजात चढते. बर्फात बसच्या चाकांना साखळ्या घालायला अर्डिथला कधी गडी लागला नाही. लग्न केलं नाही. तरुणपणी स्पोकॅन शहरातला एक विमा एजंट मागणी घालायला आला होता, जेवता जेवता तो म्हणाला, "लग्नानंतर ही गवताची कटकट विकून टाकू." अर्डिथनं त्याला पोटभर जेवू दिलं आणि मग त्याची हॅट त्याच्या हातात ठेवली. त्यानंतर कुणी आलं नाही, आणि तिनंही वाट बघितली नाही.

इथला पाण्याचा कायदा समजायला सोपा आहे. जो आधी आला त्याचं पाणी आधी. टॅमरॅक नावाच्या आमच्या ओढ्यावर स्कोगलंडांचा हक्क सगळ्यात जुना. आटत्या सालात बाकीच्यांचे पाट बंद पडतील, पण स्कोगलंडांचा पाट काठोकाठ वाहणार. मात्र या कायद्याला एक शेपूट आहे: सलग काही वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क जातो. त्यामुळे आमच्याकडे पाणी वाचवणारा माणूस शहाणा समजला जात नाही. पाणी वाचवलं म्हणजे घालवलं.

अर्डिथचा बाप आयनार या शेपटाला इतका भ्यायचा की त्यानं जन्मभर दगडांना पाणी पाजलं. खरंच सांगतो. त्यांच्या कुरणाच्या टोकाला गोट्यांचा एक तुकडा होता. तिथं काट्यांखेरीज काही उगवत नसे. पण आयनारच्या आजोबांनी हक्काच्या कागदात तो तुकडाही भिजतो असं लिहून ठेवलं होतं, म्हणून दर उन्हाळ्यात आयनार त्यावर पाणी सोडायचा आणि पोरांना दारं धरायला उभं करायचा. लहानपणी अर्डिथनं एकदा विचारलं होतं, "बाबा, हे गोटे वाढणार आहेत का?"

"गोटे नाही वाढत," आयनार म्हणाला. "पण पाणी नाही दिलं तर हक्क मरतो. धर फावडं."

तिनं फावडं धरलं. बाप गेल्यावरही ती गोट्यांना पाणी पाजत राहिली. हसू नका, आमच्यातले निम्मे लोक असलंच काहीतरी करत होते. कुणी रस्त्याची कड भिजवत होतं, कुणी पडकं खळं.

धाकटा भाऊ डेलमार वाटणीत खालची जमीन घेऊन बसला आणि ती त्यानं तरुणपणीच विकून टाकली. वरचं कुरण आणि ओढ्याचं पाणी अर्डिथच्या नावावर. कुरणावरचं गवत मात्र डेलमार कापायचा; पहिल्या कापणीत दोघांचा वाटा, दुसरी सगळी त्याची, आणि त्यावरच त्याचं चालायचं. गुडघे गेलेले, बायको गेलेली. थंडी पडायला लागली की त्याच्या तोंडी एकच गाव असे, यूमा. अॅरिझोनातलं, जिथं म्हाताऱ्या माणसांची हाडं उन्हात शेकून निघतात.

असं सगळं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण दरीत घरं वाढली, घरागणिक एकेक बोअर झाली, आणि मग राज्याच्या जलखात्याच्या ध्यानात आलं की जमिनीखालचं पाणी आणि ओढ्याचं पाणी ही वेगळी नाहीत. वर बोअर ओढली की ओढा तेवढा खाली बसतो. ओढ्यावर ज्यांचा जुना हक्क आहे त्यांचं ते पाणी, आणि माशांचंही. तेव्हा फर्मान निघालं: नवी बोअर मारायची तर आधी ओढ्याला तेवढं पाणी परत करा. परत कसं करायचं? तर त्यासाठी पाण्याची बँक. जुन्या हक्काच्या माणसानं आपलं पाणी पाटात न घेता ओढ्यातच राहू द्यायचं. ते बँकेत जमा; असं जमा केलेलं पाणी वापरलेलंच धरतात, हक्क मरत नाही. नवी बोअर मारणाऱ्यानं त्या जमेतून आपल्यापुरतं उचलायचं. एकानं सोडलं, दुसऱ्यानं घेतलं, ओढा होता तेवढाच राहिला.

या फर्मानात पहिली अडकली ती रोझाल्बा सेडिओ. तिचे आईबाप मेक्सिकोतून सफरचंदं तोडायला आले आणि इथलेच झाले. अर्डिथनं बस चालवणं सोडलं तेव्हा तिच्या बसचा रस्ता रोझाल्बाला मिळाला, आणि त्या रस्त्यावरचं प्रत्येक वळण, प्रत्येक चावरं कुत्रं अर्डिथनंच तिला दाखवलं. रोझाल्बानं आणि तिच्या नवऱ्यानं टॅमरॅकच्या काठी, स्कोगलंडांच्या पाटाच्या दारापासून थोडं खाली, घरासाठी जागा घेतली. पाया आखला, आणि बोअरची परवानगी अडकली. टॅमरॅकवर बँकेत जमा असं कुणाचंच पाणी नव्हतं. दोन मुलींसकट ती चाकांवरच्या ट्रेलरमध्ये राहायला लागली. पिण्यापासून भांड्यांपर्यंत सगळं पाणी गावातून टाकीत भरून आणायचं.

आणि मग अर्डिथच्या दारात ब्राइस हॅलोरन आला.

ब्राइस हा एका बड्या कंपनीचा माणूस, बारा गावचं पाणी प्यायलेला. कंपनीला ओढ्याच्या उगमाशी, झऱ्यांच्या माळावर, सुट्टीतली घरं आणि गोल्फचं मैदान उठवायचं होतं. त्याच्या बोअरींसाठी बँक हवी होती, आणि बँकेसाठी अर्डिथचा हक्क. त्या दिवशी डेलमारही स्वयंपाकघरात येऊन बसला होता, दाढी करून. तेवढ्यावरूनच अर्डिथला कळलं की या दोघांचं आधी बोलणं झालेलं आहे.

"बोअरी कुठं मारणार?" अर्डिथनं कॉफी ओतत विचारलं.

"वरती, मॅडम. झऱ्यांच्या माळावर."

"आणि माझं पाणी ओढ्यात सुटणार कुठं?"

"तुमच्या पाटाच्या दारापाशी. तुमचा हक्क तिथंच आहे ना."

"म्हणजे उपसणार माथ्यावर, आणि भरपाई खाली माझ्या दारापाशी. मधला ओढा?"

ब्राइसनं कप खाली ठेवला. माणूस लबाड असेल, खोटारडा नव्हता. "हिशेब ओढ्याच्या तोंडाशी होईल, मॅडम, जिथं तो नदीला मिळतो. तिथं तो बरोबर जुळतो. मधला टप्पा ऑगस्टात बारीक होईल, ते मी नाकारत नाही. काठानं आम्ही झाडं लावू."

"झाडांना पाणी कुठलं घालणार?"

डेलमार मध्ये पडला. "अर्डी, त्यांचं ऐकून तरी घे."

"ऐकतेच आहे. डोकं वर कापायचं आणि टोपी खाली पायात घालायची, हेच सांगतायत ना?" ती ब्राइसकडे वळली. "त्या मधल्या टप्प्यात ट्राउट मासे राहतात. या टेबलाएवढ्या पाण्यात माझ्या हाताएवढा मासा. तुम्ही पाहिलाय?"

"नाही, मॅडम."

"मग कॉफी संपवा आणि जाताना पाहून जा. पुढच्या वेळी नसेल."

ब्राइस नम्रपणे उठला, कार्ड ठेवून गेला. डेलमार गेला नाही.

"तुझ्या कपाळात अक्कल आहे की गवत?" तो म्हणाला. "दरीत कुणाला असं गिऱ्हाईक मिळालंय? इथल्या थंडीत माझे गुडघे रडतात, अर्डी. मला यूमाला जायचंय. तू एक सही करायचीस."

"तुझ्या गुडघ्यांसाठी मी अख्खा ओढा आटवू?"

"मासे तुझे कोण लागतात?"

"शेजारी," अर्डिथ म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरे. न विचारता घरात माणसं आणत नाहीत."

डेलमारनं दार असं आपटलं की खिडकीतली फुलदाणी हलली. खरं सांगायचं तर अर्डिथला बरं वाटत होतं. कंपनीला नाही म्हणणारी ती दरीतली पहिलीच. ही गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला जेवण गेलं नसतं, म्हणून ती गाडी काढून थेट रोझाल्बाच्या ट्रेलरवर गेली.

रोझाल्बा मक्याच्या पानांत बांधलेले तमाले उकडत होती. टाकीतलं पाणी तिनं इतकं जपून पातेल्यात ओतलं की अर्डिथ बघतच राहिली. मग तिनं सगळी हकीकत रंगवून सांगितली, टोपीच्या वाक्यासकट. रोझाल्बा हसली नाही.

"छान केलंत, मिस अर्डिथ. वरचा ओढा वाचला," ती म्हणाली. "आणि खालचा?"

"खालचा काय?"

"तुमच्या पाटाच्या दाराखाली ऑगस्टात ओढा असतो का? माझ्या मुली त्यात सायकली चालवतात."

"अगं, तो आमचा हक्क आहे. माझ्या पणजोबांनी..."

"हक्क नाही असं कोण म्हणतंय? पण त्या कंपनीच्या माणसाला तुम्ही म्हणालात, मधला ओढा मारतोस म्हणून. मग खालचा कुणी मारला? मी नाही मारला. मला तर एक बोअर मारायची परवानगी नाही." तिनं झाकण ठेवलं. आवाज चढला नव्हता. "ज्याचं जळतं त्याला कळतं, मिस अर्डिथ. तुम्ही वरच्यासाठी भांडलात. फार चांगलं झालं. मला आता टाकी भरायला जायचंय."

अर्डिथ उठली आणि निघून आली. मनात शब्दांची नुसती झुंबड. मी हिला गाडी शिकवली! हिच्यासाठी शाळेच्या हेडमास्तरशी भांडले! आणि ही मला कंपनीच्या पंगतीत बसवते! दोन दिवस ती गोठ्याशी, गाईंशी, स्टोव्हशी तावातावानं बोलत होती.

तिसऱ्या दिवशी ती पाटाच्या दाराशी गेली. ऑगस्टच होता. दाराच्या वर ओढा खळाळत येत होता, दाराशी तो अख्खा वळून त्यांच्या पाटात शिरत होता, आणि दाराच्या खाली काहीच नव्हतं. वाळके दगड, त्यावर वाळून पांढरं पडलेलं शेवाळ, आणि कुठंतरी एक मेलेला मासा. हे ती जन्मभर बघत आली होती. ओढा म्हणजे असाच असतो, पाटापर्यंत, असं तिला वाटायचं. जसं कुंपणापर्यंतच शेत. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या मनात आलं की ओढ्याला असं वाटत नसेल. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिनं तिथल्या दगडाला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

काउंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्यानं, आपली एक लहानशी बँक काढायचं ठरवलं होतं. अर्डिथ लंगडतच तिथं गेली. जलखात्याची एक बाई कुरण मोजायला आली. तरुण, उन्हानं लाल झालेली, पण कुणाला न दबणारी. तिनं सगळं फिरून बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही पाटात किती पाणी घेतलंत ते आम्ही धरत नाही, मिस स्कोगलंड. गवतानं किती प्यायलं तेवढंच धरतो. उरलेलं मुरून खूप खाली ओढ्यालाच परत जात होतं. जे ओढ्याचंच आहे ते तुम्ही ओढ्याला पुन्हा कसं देणार?"

"आणि तो तुकडा?" अर्डिथनं गोट्यांकडे बोट केलं. "त्याला आम्ही पिढ्यान्पिढ्या पाणी पाजतोय."

ती बाई गोट्यांकडे बघत राहिली. "गोटे पाणी पीत नाहीत," ती शेवटी म्हणाली.

अर्डिथ हसायला लागली. पोट धरून, कुंपणाला टेकून हसली. मग हसता हसताच तिला रडू आलं, कारण तिला बाप दिसला. उन्हात काळा पडलेला, गुडघाभर चिखलात, दगडांवरून पाणी सरकवणारा. सगळा जन्म त्या माणसानं भीतीपोटी दगडावर ओतला. नुसतं गवत भिजवून सावलीत बसला असता तरी चाललं असतं. त्या जलखात्यावर, त्या कायद्यावर, पणजोबावर, सगळ्यांवर तिला राग आला. आणि त्या रागात तिचा विचार पक्का झाला.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "पहिली कापणी होईपर्यंत पाणी कुरणाला. कापणी झाली की दार बंद, बर्फ पडेपर्यंत. गवतानं जे प्यायलं असतं तेवढं जमा करा. आणि ती जमा दाराखालच्या, टॅमरॅकच्याच काठच्या घरांना. माळावर नाही, नदीपार बागायतदारांना नाही. राहत्या घरांना."

"अट घातलीत तर मोल कमी मिळेल. अट नाही घातलीत तर..."

"मी मोल विचारलं का?"

बातमी दरीत पसरायला वेळ लागला नाही. ग्रेंजच्या हॉलमध्ये, म्हणजे आमच्या शेतकऱ्यांच्या चावडीवर, बैठक बसली. इतकी गर्दी की लोक भिंतीला टेकून उभे. म्हातारा लाइल ब्रँडव्होल्ड पहिला उठला. त्याचा पाट अर्डिथच्या खालच्या अंगाला नव्हता, वरच्या अंगालाही नव्हता. तो दुसऱ्याच ओढ्यावरचा. पण ओरडायला ओढा लागत नाही.

"आज तू सरकारला पाणी दिलंस, अर्डिथ," तो म्हणाला, "उद्या ते आमच्या दारात येतील. म्हणतील, तिनं दिलं, तुम्ही का नाही?"

"मग म्हण ना, नाही देत. तुझ्या तोंडाला काय झालंय? माझ्याशी बोलताना तर बरं चालतं."

"तू मेक्सिकनांच्या नादी लागलीस," मागून कुणीतरी म्हणालं.

अर्डिथनं मान वळवून मागच्या बाकांकडे निरखून बघितलं. "कोण बोललं ते उभं राहूदे," ती म्हणाली. "लहानपणी बसमध्ये कोण कोण चड्डीत मुतलंय ते मला पाठ आहे. मी नावं घेत नाही, तुम्हीही घेऊ नका."

कुणी उभं राहिलं नाही. मग डेलमार उठला, टेबलाचा आधार घेत.

"बाबांनी जे राखलं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "गोट्यांना पाणी पाजून पाजून जे राखलं, ते तू एका बस चालवणारीसाठी सोडतेस? दुसरी कापणी माझी होती, अर्डी. कंपनीला नाही म्हणालीस ते म्हणालीस. आता माझं गवतही घालवलंस. मी तुझा कोण?"

खरंच तो तिचा भाऊ होता आणि खरंच तिनं त्याचं नुकसान केलं होतं. "तू माझा भाऊ आहेस," ती म्हणाली. "दुसऱ्या कापणीचं तुझं नुकसान आहे, ते मी गोड करून सांगत नाही. पहिली कापणी सगळी तू ने, माझा वाटा मी सोडला. पण दार मी लावणार. खाली ओढा आपण मारला, डेलमार. तू, मी आणि बाबांनी. आता तू मला पाण्यात पाहा नाहीतर आगीत, दार मी लावणार."

डेलमार काठी आपटत बाहेर गेला. त्याच्या मागोमाग अर्धा हॉल रिकामा झाला. अर्डिथ शेवटपर्यंत बसून राहिली आणि जाताना टेबलावरचे उरलेले डोनट रुमालात बांधून घेऊन गेली.

कागदपत्रं मार्गी लागायला पुढचं साल उजाडलं. त्या वर्षी पहिली कापणी झाली, गठ्ठे बांधून ट्रक गेले, आणि अर्डिथ एकटीच पाटाच्या दाराशी गेली. लोखंडी चाक जड होतं. त्या मोसमात ते तिनं आजवर फक्त उघडायलाच फिरवलं होतं. दार खाली बसलं तसं पाणी क्षणभर गोंधळलं, तुंबलं, फुगलं आणि मग बांधाला वळसा घालून आपल्या जुन्या पात्रात उतरलं. पण वाहिलं नाही. तहानलेल्या वाळूनं ते गिळून टाकलं. दिवसभर ओढा वीतभर पुढे सरके आणि गडप होई. अर्डिथ तिथं उभी राहून त्याला शिव्या घालत होती, "चल ना मेल्या, चल!" मागे तिच्या पाटात बेडकं उघड्यावर पडली होती. ती तिनं बादलीत भरून ओढ्यात नेऊन टाकली. बापाला दुसऱ्यांदा पुरल्यासारखं तिला वाटत होतं, आणि तरी तिनं चाकाला हात लावला नाही.

शेवटी ओढा पोचला. रोझाल्बाच्या काठापर्यंत, मग त्याच्याही पुढे. जुलै सरता सरता रोझाल्बाकडे बोअरची गाडी आली. पाणी लागलं तेव्हा रोझाल्बा चिखलानं माखलेल्या हातांनी अर्डिथच्या गळ्यात पडली. मग जरा मागे सरून म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले ते..."

"बरोबर बोललीस. पुन्हा बोलू नकोस."

डेलमारनं मात्र बोलणं टाकलं होतं. दुकानात समोर आला तर तो डबाबंद घेवड्यांकडे बघायचा. अर्डिथ त्या डब्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणायची.

ऑगस्टच्या मध्यावर, उन्हाच्या काहिलीत, अर्डिथला ओढ्याच्या दिशेनं गाडीचा भोंगा ऐकू आला. थांबेना. ती कुंपण ओलांडून गेली.

आमच्या लोकांना एक सवय आहे. हमरस्त्याच्या पुलावरून वळसा पडतो, म्हणून ऑगस्टात सगळे ओढ्याच्या पात्रातूनच गाडी घालतात. कोरडंच असतं. डोळे मिटून घालतात म्हटलं तरी चालेल. डेलमारनं तेच केलं होतं. पलीकडच्या झुडपांतून उतार सुसाट उतरून आला आणि थेट पाण्यात. गाडी मधोमध रुतून बसली होती, तळचा गाळ नुकताच मऊ झालेला. पाणी दाराच्या कडेला चाटत होतं आणि डेलमार खिडकीतून लालभडक तोंड काढून बसला होता. महिनोन्महिने न बोललेला माणूस आता एका दमात सगळं बोलला.

"हे काय आहे? हे पाणी आहे! ऑगस्टात!"

"ओढा आहे," अर्डिथ काठावरून म्हणाली. "पूल तिकडे आहे."

"मला शिकवू नकोस. जा, पाटाचं दार उघड. अर्धा तास. सगळं पाणी पाटात घे, इथलं आटलं की मी गाडी काढतो."

"नाही."

"अर्धा तास, अर्डी! कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"मी तुझा सख्खा भाऊ आहे!"

"म्हणून ट्रॅक्टर आणते. लाइल ब्रँडव्होल्ड असता तर चालत घरी पाठवला असता."

ती ट्रॅक्टर घेऊन आली, उलटा फिरवून काठाशी लावला, साखळी पाण्यावरून त्याच्याकडे फेकली. गाडीचा हूक पाण्याखाली होता. साखळी लावायला कुणाला तरी खाली उतरावं लागणार होतं, आणि अर्डिथ ट्रॅक्टरवरून हलली नाही. डेलमारनं आधी तिला शिव्या दिल्या, मग जलखात्याला, मग माशांना. मग बूट काढून खिडकीतून आत टाकले, विजार वर सारली आणि दाराला धरून हळूहळू पाण्यात उतरला. मांडीपर्यंत पाणी आलं तशी त्याच्या तोंडून किंकाळी निघाली. शिखरावरचाच बर्फ तो, गार म्हणजे गार. वाकून, हातानं चाचपून त्यानं साखळी हुकात अडकवली.

"लागली?" अर्डिथनं विचारलं.

तो सरळ उभा राहिला, गाडीला हात टेकून. पाणी त्याच्या पायांभोवती वळसे घेत जात होतं. तो खाली बघत होता.

"लागली का रे साखळी?"

"लागली."

"मग वर ये. ओढते."

"गुडघे," डेलमार म्हणाला. त्यानं एक पाय उचलून पुन्हा पाण्यात टेकवला. "दुखत नाहीयेत."

त्यानं एक पाऊल पुढे टाकलं, जिथं पाणी जरा खोल होतं, मग आणखी एक. या काठावर त्याचा जन्म गेला होता आणि ऑगस्टात या ओढ्यात तो आज पहिल्यांदा उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते अर्डिथला उन्हामुळे नीट दिसेना.

"पुढच्या वर्षी उघडशील दार?" त्यानं पाठमोरंच विचारलं.

"नाही."

"त्याच्या पुढच्या?"

"नाही, डेलमार."

तिनं ट्रॅक्टरचा गियर टाकला. साखळी पाण्यातून ताणून वर आली.

"थांब गं," डेलमार म्हणाला. "तुला घाई आहे का?"

अर्डिथनं इंजिन बंद केलं.